आधी पातळी ठरवा, खोल्या मग: गोव्यात दिव्यांग संस्थेची इमारत बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यात एका संस्थेला देणगीतून सुमारे १२०० चौरस मीटरचा प्लॉट मिळाला आहे, साधारण ३० बाय ४०, रस्त्याकडून मागे दीड मीटर उताराचा. सध्या भाड्याच्या घरात साठेक मुलं आणि मोठी माणसं रोज येतात. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, शिवणकाम, कागदी पिशव्या असं काम चालतं. आर्किटेक्टच्या पहिल्या आराखड्यात इमारत प्लॉटच्या मधोमध आहे, तिथल्या जमिनीपासून ९०० मिलिमीटर उंच जोतं, बाजूने मागच्या दाराकडे जाणारा नागमोडी रॅम्प, दर्शनी भागाला काच, गच्चीवर बाग आणि सोलर. विश्वस्त बाईंनी विचारलंय, "पैसे बेताचे आहेत. सुगम्यता आणि पर्यावरण दोन्ही झेपणार नसेल तर आधी काय धरावं?"

मी गोव्यात शाळा, दवाखाने आणि अशा संस्थांच्या इमारती आखतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"आधी काय" हा प्रश्न पडतो कारण आपण दोन वेगळ्या याद्या करतो. एका यादीत रॅम्प, दांडे, ब्रेल पाट्या. दुसरीत सोलर, पावसाचं पाणी, झाडं. इमारत नेहमीसारखी आखायची आणि शेवटी दोन्ही याद्यांतल्या वस्तू तिला चिकटवायच्या. मग दोन्ही महाग पडतात आणि पैसे संपले की एक यादी कापली जाते. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या प्लॉटवर पाणी कुठून कुठे जाणार आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस कुठून कुठे जाणार, हे दोन्ही एकाच कागदावर काढलं गेलंय का? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या धास्तीने आपण जोतं उंच घेतो, आणि जोतं उंच घेतलं की खुर्ची बाहेर राहते. गोव्यात सुगम्यता आणि पर्यावरण यांचं भांडण असलंच तर ते इथे आहे. हे सुटलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

एक आधी सांगतो. मी प्लॉट पाहिलेला नाही. रस्त्याची नेमकी पातळी, खाली चिरा (जांभा दगड) किती खोलीवर लागतो, वरच्या शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे उतरतं का, यावर खालच्या बऱ्याच गोष्टी बदलतील. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनसुद्धा एक गोष्ट स्पष्ट दिसते.

४० मीटरमध्ये दीड मीटर उतार म्हणजे प्लॉटच्या मध्यावर जमीन रस्त्यापेक्षा साधारण ७५० मिलिमीटर खाली. तिथून ९०० मिलिमीटर वर जोतं, म्हणजे तुमच्या इमारतीची फरशी रस्त्यापेक्षा फक्त १५० मिलिमीटर उंच आहे! आराखड्यात वाट मात्र जमिनीबरोबर खाली उतरते आणि मग रॅम्पने पुन्हा वर चढते. १:१२ च्या उताराने (१२ मीटर लांबीला एक मीटर चढ) ९०० मिलिमीटर चढायला १०.८ मीटर रॅम्प लागतो. एवढी उंची एका दमात घेता येत नाही, मध्ये सपाट थांबा हवा. वर-खालचे थांबे धरून १५ मीटरच्या वर जातं. हे सगळं काँक्रीट, दोन्ही बाजूंचे दांडे, त्यावरचं शेवाळ, हे कशासाठी? आधी उतरवलेली उंची परत मिळवण्यासाठी.

त्याऐवजी फाटकापासून दर्शनी दारापर्यंत भराव घालून सरळ वाट न्या. दार रस्त्यापासून १२ मीटरवर असेल तर १५० मिलिमीटरची चढण १:८० इतकी सौम्य पडते. तिला कोणी रॅम्प म्हणणार नाही, दांडेही लागणार नाहीत. पायाच्या खोदाईतली माती तिथेच वापरली जाईल, म्हणजे ट्रक कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मंत्री, देणगीदार, आई, खुर्चीतला मुलगा सगळे एकाच दाराने आत येतील. इमारतीमागचा रॅम्प नियमात बसतो, पण ज्याच्यासाठी इमारत बांधली त्यालाच तुम्ही मागच्या दाराने घेता.

या भरावाच्या तीन अटी आहेत. पहिली, रस्त्याकडून येणारं पाणी भरावाला बांधासारखं अडेल, म्हणून वाटेखालून मोरी ठेवायची आणि फाटकाशी आडवं गटार घालायचं. गटारावरच्या जाळीच्या फटी १२ मिलिमीटरच्या आत आणि चालण्याच्या दिशेला काटकोनात असू द्या, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाकं आणि पांढऱ्या काठीचं टोक दोन्ही अडकतात. दुसरी, भराव थरांनी कुटून एक पावसाळा तसाच बसू द्यायचा. घाईने वर लाद्या घातल्या की वर्षभरात माती बसते आणि नेमकी दाराशी दोन सेंटिमीटरची पायरी तयार होते. चालणाऱ्याला ती दिसतही नाही. खुर्चीवाला तिथे थांबतो. तिसरी, वाटेच्या दोन्ही कडांना चिऱ्याची बुटकी कड ठेवा, चाक खाली जाऊ नये आणि काठीला आधार मिळावा म्हणून.

मागच्या बाजूला जोतं सव्वा मीटरच्या वर जाईल. ते वाईट नाही. तिथे फरशीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आणि पंप बसतो. फक्त आणीबाणीचं दुसरं दार मागे ठेवू नका, बाजूला ठेवा, जिथून सपाट वाटेने बाहेर पडता येईल. आग लागल्यावर पायऱ्यांवर उघडणारं दार तुमच्या लोकांच्या काय उपयोगाचं?

तुमच्या मनात येईल की दाराशी उंबरा नसला तर पाणी आत येणार नाही का. येईल, जर दार उघड्यावर असेल तर. म्हणून पडवी. आपल्या जुन्या घरांत पडवी होती ती केवळ गप्पांसाठी नव्हती. पाऊस दारापासून दूर ठेवणं हे तिचं काम होतं. निदान दोन मीटर खोल पडवी, तिच्या फरशीला बाहेरच्या बाजूला १:५० च्या आत उतार, कडेला जाळीचं गटार, आणि पागोळ्या त्या गटारातच पडतील अशी वळचण. एवढं केलं की दाराशी सपाट फरशी ठेवता येते. नैर्ऋत्येकडून झड येते, त्या अंगाला पडवी जास्त खोल घ्या किंवा पावसाळ्यापुरत्या झडपा लावायला चौकटीत खाच ठेवा. पूर्वी माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, तेच काम.

ही पडवी तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही फेडते. तिच्यामुळे भिंतीवर ऊन येत नाही, आतली हवा थंड राहते. आणि उकाडा ही फक्त आरामाची बाब नाही. मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही. त्याचं शरीर तापतं आणि तापलेलंच राहतं. एप्रिल-मेमध्ये तुमच्या शिवणाच्या खोलीत वारा खेळतो की नाही, हा त्याच्यासाठी दाराच्या रुंदीइतकाच प्रवेशाचा प्रश्न आहे. म्हणून दर्शनी काच मी काढून टाकीन. काचेमागे एसी आलाच, आणि कमी दृष्टीच्या माणसाला काचेतून येणारी तिरीप सगळ्यात जास्त त्रास देते. त्याऐवजी समोरासमोर खिडक्या, आणि खिडकीचा कट्टा ७५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे, वारा त्याच्या अंगाला लागला पाहिजे. आपल्या खिडक्या उभ्या माणसाच्या मापाने होतात, आणि खुर्चीतल्या मुलाला दिवसभर भिंत बघावी लागते.

फिजिओथेरपीच्या खोलीत आणखी एक गोष्ट करा: चटईवर स्वतः दहा मिनिटं उताणे झोपा. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल तासभर त्याच अवस्थेत असतं आणि बरोबर डोळ्यांवर उघडी ट्यूब असते. दिवे भिंतीकडे वळवा, उजेड छतावरून परतून येऊ द्या. खर्च तोच.

आता हरित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोष्टी, ज्या तुमच्या इमारतीत त्रास देतात. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा विस्ताराने.

पाणी मुरावं म्हणून गवत उगवणारे जाळीचे ब्लॉक किंवा खडी अंगणात घालतात. पाणी मुरतं खरं, पण त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्या आईला विचारा. चालण्याची वाट आणि गाडीतून उतरण्याची जागा सलग, खरखरीत पृष्ठभागाची ठेवा. मुरणारे ब्लॉक फक्त जिथे चाक किंवा पाय जाणार नाही तिथे. दिव्यांगांच्या गाडीची जागा ३.६ मीटर रुंद, दारापासून ३० मीटरच्या आत, आणि तिथून दारापर्यंत छप्पर. जुलैमध्ये छत्री धरून खुर्ची ढकलता येत नाही, त्याला तिसरा हात लागतो.

पाणी वाचवणारे दाबायचे नळ हात कमजोर असलेल्याला दाबताच येत नाहीत. लांब दांडीचा, एका बोटाने किंवा कोपराने फिरणारा नळ घ्या आणि त्याला पाणी कमी सोडणारी जाळी लावा. बचत तीच होते. हालचाल टिपून लागणारे-विझणारे दिवे शौचालयात नकोत. जो हळू हलतो त्याच्यावर अंधार पडतो, आणि कर्णबधिर माणसं अंधारात बोलू शकत नाहीत, कारण त्यांची भाषा हातांनी असते. असे दिवे भांडारात लावा.

चिऱ्याची भिंत. मला चिरा आवडतो. स्थानिक आहे, भाजावा लागत नाही, आणि आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. तुमच्या भागात खाणीही दूर नाहीत. फक्त परवानगी असलेल्या खाणीचा घ्या, बेकायदा खणलेल्या खड्ड्यातला चिरा आणून इमारतीला हरित म्हणवण्यात अर्थ नाही. पण उघडा चिरा आतल्या ये-जा वाटांना नको. तो खरवडतो. अरुंद जागी खुर्ची वळवताना बोटांची पेरं भिंतीला घासतात, अंध मूल भिंतीला हात लावत चालतं, आणि ज्याच्या त्वचेला संवेदना नाही त्याला खरचटलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही. जमिनीपासून १२०० मिलिमीटरपर्यंत गुळगुळीत चुन्याचा गिलावा करा, वर हवा तर चिरा दिसू द्या. सिमेंटपेक्षा चुना बरा, कारण चिरा ओल पितो आणि ती ओल परत बाहेर पडायला हवी. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत फुगे येतात, मग बुरशी. दम्याच्या मुलाला ती बुरशी पायऱ्यांइतकीच आडवी येते. गिलावा आणि चिरा यांच्या रंगांतल्या फरकाने कमी दृष्टीच्या माणसाला भिंतीची रेषाही मिळते. फरशी आणि भिंत एकाच रंगाची करू नका, दाराची चौकट भिंतीपेक्षा गडद ठेवा.

फरशीबद्दल एकच. चकचकीत लादी आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट दुकानात छान दिसतात; नमुना घरी आणा, त्यावर पाणी ओता आणि ओल्या चपलेने चाला. कुबडीच्या रबरी टोकाला जी लादी पाण्यातही धरते तीच घ्या.

शौचालयाकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. आराखड्यावर तिथे खुर्चीचं चिन्ह काढलेलं असतं आणि सगळे पुढे जातात. किमान माप साधारण २ बाय २.२ मीटर धरतात, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, आसन ४५० ते ४८० मिलिमीटर उंच, आत १५०० मिलिमीटरचं वर्तुळ फिरायला. ही मापं स्वतंत्रपणे खुर्ची चालवणाऱ्या माणसाची आहेत. तुमच्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत ज्यांना आई उचलते. तिला उभं राहायला, वाकायला जागा पाहिजे, आणि त्या मुलाला आडवं करून कपडे बदलायला बाक पाहिजे, लहान बाळाचा नव्हे, मोठ्या माणसाच्या लांबीचा. नाहीतर ती माउली त्याला शौचालयाच्या ओल्या फरशीवर झोपवते. हे मी पाहिलेलं आहे, एका नव्याकोऱ्या, फीत कापलेल्या इमारतीत. निदान एक खोली ३ बाय ३ ची करा.

दोन शौचालयं असतील तर एकात भिंत आसनाच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे घ्या. एका अंगाला पक्षाघात झालेला माणूस एकाच बाजूने सरकू शकतो. धुण्यासाठीचा फवारा चांगल्या हाताला मिळाला पाहिजे, हेही त्यातच आलं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. मदतीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. आणि पाणी: आपल्याकडे शौचालय ओलंच राहतं, हे गृहीत धरून भिंतीच्या कडेने लांबट जाळी ठेवा आणि उतार खुर्चीच्या वाटेपासून दूर न्या.

यातलं काहीही कागदावर ठरवू नका. प्लॉटवर फक्कीने रेषा मारा, आसनाच्या उंचीचे चिरे रचा, प्लायवूडचा तुकडा भिंत म्हणून धरा आणि तुमच्या संस्थेतल्या चार वेगवेगळ्या लोकांना खुर्चीसकट, आईसकट आत यायला सांगा. आर्किटेक्टला तिथे उभा करा. एका सकाळचं काम आहे. त्यात जे कळतं ते कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही, आणि रेषा पुसून परत मारायला पैसे लागत नाहीत.

छपराकडे येऊ. गच्चीवरची बाग मी सुचवणार नाही. गोव्याच्या पावसात जलरोधनाची परीक्षा, वर मातीचं वजन, त्यासाठी जास्त काँक्रीट, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना तिथे पोचताच येणार नाही. बाग खाली करा, कमरेच्या उंचीच्या वाफ्यांची, खुर्ची खाली शिरेल अशी. तिथे तुमचं व्यावसायिक प्रशिक्षणही होईल.

पत्र्याचं छप्पर तर नकोच. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वाचा-उपचाराचा तास बंद पडतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, त्यात शब्द आणि पाऊस असा भेद ते फारसा करत नाही. स्वमग्न मुलांना तो मारा कसा वाटत असेल ते त्यांच्या हातांवरून दिसतं, कानांवरून ते निघत नाहीत. उतरता स्लॅब आणि वर हवेची पोकळी ठेवून मंगलोरी कौलं, हे मला सगळ्यात बरं वाटतं: थंड आणि शांत. स्लॅबमध्ये खालच्या थरात जुनी कौलं भरून काँक्रीट वाचवता येतं. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुळवली. मात्र आधी केलेला कंत्राटदार हवा. तुमच्याकडे माकडं येत असतील तर कौलं फुटणार, हा हिशेब धरा. पण खाली स्लॅब असल्यामुळे गळती लगेच होणार नाही.

सोलर जरूर घ्या. तुमचं काम दिवसा चालतं, त्यामुळे वीज बनते तेव्हाच लागते. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास. पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. पण आधी पंखे आणि दिव्यांवर भागेल अशी इमारत करा, मग सोलरचा आकार ठरवा. उलट क्रमाने गेलात तर एसीसाठी पॅनेल घेत बसाल.

पावसाच्या पाण्याबद्दल थोडं गणित, कारण इथे उत्साहाच्या भरात मोठ्या टाक्या बांधल्या जातात. ३०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ९ लाख लिटर पाणी पडतं, सात लाख तरी हाती लागेल. पण ते पडतं चार महिन्यांत आणि तुम्हाला हवंय मार्च-एप्रिलमध्ये. साठ माणसांना दिवसाला माणशी ४५ लिटर धरले तर २७०० लिटर. ५० हजारांची टाकी अठरा दिवस पुरते, उन्हाळा नाही. म्हणून टाकी मध्यम ठेवा, फ्लश आणि बागेसाठी, आणि उरलेलं पाणी गाळून विहिरीत सोडा. चिऱ्याच्या जमिनीत पाणी पटकन मुरतं आणि कधीकधी खालच्या अंगाला दुसऱ्याच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) जाऊन निघतं. तुमच्या विहिरीची पातळी वाढेलच असं नाही. आजूबाजूच्या विहिरी एप्रिलमध्ये कुठपर्यंत उतरतात ते विचारून ठरवा.

वरचा मजला. विश्वस्तांपैकी कोणीतरी म्हणेलच की जमीन महाग आहे, दोन मजले करू. १२०० चौरस मीटरमध्ये साठ माणसांचं काम तळमजल्यावर बसायला हवं. ३.३ मीटर चढायला रॅम्पचा उतारच जवळजवळ ४० मीटर लांब होतो, वर थांबे. तो हातांनी चढणं म्हणजे शिक्षा. लिफ्ट करायची तर तिला वीज, वर्षाचा देखभाल करार, आणि पावसाळ्यात वीज गेली की माणसाला जवळच्या मजल्यावर आणून सोडणारी बॅटरी हवी. पुढे वाढायचं असेल तर आत्ता फक्त लिफ्टची जागा राखून ठेवा: १३ माणसांच्या लिफ्टएवढा चौकोन, त्याभोवती तुळया, आणि खाली खड्डा नीट जलरोधन करून. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठणं ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे. तोवर तो चौकोन भांडार म्हणून वापरा.

जागेबद्दलही एक प्रश्न विचारतो, जमीन मिळाली आहे तरी. बस तिथून किती दूर? कॅलिफोर्नियात बर्कली इथे दिव्यांग संस्थांनी मिळून एड रॉबर्ट्स कॅम्पस नावाची इमारत २०१० मध्ये उघडली. तिच्या आतल्या मोठ्या लाल गोल रॅम्पचे फोटो सगळीकडे दिसतात. मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की ती अ‍ॅश्बी मेट्रो स्थानकाला लागून बांधली. सड्यावर (उघड्या पठारावर) कुठेतरी आत, जिथे साठ माणसांना रोज रिक्षा करून जावं लागतं, तिथल्या इमारतीवर कितीही पॅनेल लावली तरी हिशेब जुळत नाही, आणि मुलांच्या घरच्यांचा तर मुळीच नाही. कदंब बसचा थांबा जवळ असेल तर थांब्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेसाठी पंचायतीच्या मागे लागा. नसेल तर बांधकामाच्या अंदाजपत्रकात उतरत्या पायरीची एक व्हॅन धरा. ती शोभेच्या दर्शनी भागापेक्षा जास्त लोक आत आणेल.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. सनद (जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी), टीसीपी (नगर नियोजन खातं), पंचायत हे तुमचा आर्किटेक्ट बघेल. एक मात्र लक्षात ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की केवळ शिफारसवजा नियम पुरेसे नाहीत, किमान निकष सक्तीचे हवेत. म्हणजे "सुगम्यता आधी की पर्यावरण" हा पर्याय कायद्यानेही तुमच्यासमोर नाही. रॅम्प पैसे उरले तर करू, असं होत नाही.

पैसे कुठे घालावेत याचा माझा क्रम मग असा: पातळी आणि पाण्याची वाट, पडवी आणि छप्पर, शौचालयं, फरशी. या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. दांडे, पाट्या, अंध माणसांना पायाने कळणाऱ्या खुणेच्या लाद्या यांना फारसा खर्च येत नाही, पण त्या लावायला भिंतीत आधार आत्ताच ठेवा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीतून दांडा माणसासकट निघून येतो. दांड्यांना ३०४ प्रतीचं स्टील तुमच्याकडे चालेल, समुद्राच्या खाऱ्या हवेत, कळंगुटला असता तर ३१६ सांगितलं असतं. सोलर, टाकीचा वाढीव भाग, बागेतले वाफे हे पुढच्या वर्षी देणगीदार मिळाला की करता येतात, आणि देणगीदारांना त्यावर पाटी लावायलाही आवडतं. रॅम्पवरचं शेवाळ घासायला मात्र कोणी देणगी देत नाही, म्हणून देखभालीची रक्कम पहिल्या अंदाजपत्रकातच वेगळी काढा.

हरित प्रमाणपत्राबद्दल विचारलंय. २५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ग्रिहाची (हरित इमारतींना गुण देणारी भारतातली पद्धत) 'स्वग्रिहा' ही छोटी आवृत्ती आहे. तिची यादी आखणीच्या वेळी समोर ठेवायला चांगली आहे. शुल्क भरून दाखला घ्यायचा की त्या पैशांत मोठ्या माणसांचा बाक घ्यायचा, हे तुमच्या देणगीदाराला दाखला हवाय का यावर ठरवा. नको असेल तर मी बाक घेईन.

आता आर्किटेक्टकडे नवा आराखडा मागू नका. रस्त्याच्या मध्यापासून मागच्या कुंपणापर्यंत प्लॉटचा उभा छेद (जमीन बाजूने कापल्यासारखी दाखवणारं चित्र) मागा, त्यावर रस्ता, फाटक, दार, फरशी, मागची जमीन यांच्या पातळ्या आकड्यांत लिहिलेल्या हव्यात, आणि पाण्याची वाट निळ्या बाणांनी. त्यासाठी लेव्हल काढून घ्यावी लागेल, ती या पावसाळ्यातच काढा, पाणी वाहत असताना, आणि जिथून ते शिरतं तिथे खुंट्या मारून ठेवा. छेद हातात आला की इथे टाका, फाटकाच्या पातळीवर पुढचं बोलता येईल.